कापसाचा बर्फ नको, कापूसच द्या

बजाजनगर आणि वाळूज परिसरातील अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि बालवाडी-नर्सरीच्या शिक्षिकांना खुले पत्र

प्रिय तायांनो,



डिसेंबर लागला की आपल्या भागातल्या नर्सरी-केजीच्या वर्गांत 'विंटर सीझन'चा आठवडा येतो. भिंतीवर निळा कागद चढतो, त्यावर स्नोमॅन आणि पेंग्विन येतात. मुलांच्या हातात कापसाचा एकेक पुंजका दिला जातो. बोटानं गोंद लावायचा, कापूस चिकटवायचा, झाला बर्फ. हे पत्र मी त्या पुंजक्यासाठी लिहिते आहे.

बजाजनगरातली बहुतेक घरं कारखान्यांच्या मागे इथे आली. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, मग त्याच्याभोवती शेकडो कारखाने उभे राहिले आणि जालना, बीड, परभणी, बुलढाण्याची तरुण माणसं इथे येऊन राहिली. त्यांची मुलं, आणि आता नातवंडं, तुमच्यासमोर बसतात. वर्गात कापसाचा बर्फ चिकटवला जात असतो त्याच आठवड्यात यांतल्या कितीतरी मुलांचे आजी-आजोबा गावाकडे कापसाच्या वेचणीला वाकलेले असतात. गंगापूर-पैठणच्या रस्त्यांवरून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघालेल्या असतात. मराठवाड्याच्या हिवाळ्याची एवढी मोठी खूण मुलाच्या चिमटीत असते आणि आपण त्याला सांगतो, हा बर्फ आहे. माझी विनंती आहे की त्याला हा कापूस आहे असंच सांगा. आणि पुंजक्याऐवजी अख्खं बोंड द्या.

यात कुणाला दोष देण्याचा हेतू नाही. मी स्वतः बालवाडीत उमेदीची वर्षं काढली आहेत. अपुरं मानधन, भरलेला वर्ग, रजिस्टरं आणि वर 'आज काय शिकवलं' असं विचारणारे पालक, हे सगळं मला ठाऊक आहे. तयार चित्रं मोबाइलवर सहज मिळतात आणि ती थंड देशांतून येतात, म्हणून त्यांत बर्फ असतो. तिकडच्या ताईंचं काहीच चुकत नाही. नॉर्वेतली किंवा कॅनडातली शिक्षिका परातीत बर्फ घेऊन वर्गात येते तेव्हा ती दाराबाहेर पडलेली वस्तू आत आणत असते. मुलं तो बर्फ दाबून बघतात, त्यात रंग सोडतात, तो विरघळताना पाहतात. तिच्याकडून घ्यायची ती ही रीत. तिचा बर्फ तिच्या अंगणातला आहे, आपल्या अंगणात वेगळं काही पडलेलं आहे.

आपल्या थोर बालशिक्षिकांनी नेमकं हेच केलं होतं. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, तिथली मुलं आपल्या मुलांसारखीच कामगारांची होती. हातांनी काम करत करत मूल शिकतं हा त्यांचा विचार भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी आणि ताराबाई मोडकांनी उचलला. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. खेड्यात महागडी परदेशी साधनं आणणं शक्य नव्हतं, आणायची गरजही नव्हती. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांतून त्यांनी साधनं उभी केली. वस्तीतली मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली. कोसबाडच्या टेकडीवर तर गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. विचार रोमचा होता, साधनं आपल्या किनाऱ्यावरची. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या निघाल्या, तेव्हा हा वारसा तुमच्या हाती आला. आज २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून, हाताळण्यातून शिकण्यावरच भर देतं. म्हणजे मी जे मागते आहे त्याला सरकारी कागदही आड येत नाही.

तीन-चार वर्षांच्या मुलाची बोटं अजून घडत असतात. पेन्सिल धरायला लागणारी चिमटी हरभऱ्याचा घाटा सोलताना तयार होते, मनगट माती मळताना वळायला शिकतं, दोन्ही हात एकमेकांना साथ देतात ते वात वळताना. पालकांना 'अ आ इ' लवकर हवी असते, म्हणून हे त्यांना सांगावं लागेल: सोलणं, चोळणं, निवडणं ही लिहिण्याचीच पूर्वतयारी आहे. शिवाय बजाजनगरच्या मुलाचं घर म्हणजे बऱ्याचदा एक-दोन खोल्या. अंगण नाही, पडवी नाही, मातीत हात घालायला जागा नाही. गावातल्या मुलाला जे न मागता मिळतं ते इथे शाळेनं द्यावं लागतं.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते सांगते.

कापसापासूनच सुरुवात करा. पालकांपैकी कुणीतरी गावाहून चार-दोन फुटलेली बोंडं नक्की आणेल. मुलांना कापूस ओढून काढू द्या. आत सरकी लागते, तंतू तिला घट्ट धरून असतात, सहज सुटत नाहीत. सुटलेला कापूस पिंजायचा, फुंकर मारायची, गालाला लावायचा. मग वर्गात एखाद्या आजीला बोलवा आणि वाती वळायला शिकवा. तळहातावर तळहात फिरला की सैल कापसाची वात होते, हा मुलांच्या दृष्टीनं मोठाच चमत्कार असतो. हीच वात गेरूच्या पाण्यात बुडवून कागदाच्या घडीत ठेवायची, वरून हात दाबायचा आणि टोक धरून ओढायची. घडी उघडली की प्रत्येकाचं चित्र निराळं निघतं.

थिजणं आणि वितळणं शिकवायला आपल्याला फ्रीजमधला बर्फही लागत नाही. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीसपर्यंत चढतो, कारण समुद्र लांब आहे, हवा कोरडी आहे आणि निरभ्र आकाशाखाली जमीन रात्री झपाट्यानं निवते. त्यामुळे सकाळी तेलाची बाटली पालथी केली तरी थेंब पडत नाही, आणि उन्हात ठेवली की दुपारपर्यंत तेच तेल पातळ झालेलं असतं. प्रत्येक मुलाच्या तळहातावर थिजलेल्या तेलाचा हरभऱ्याएवढा गोळा ठेवा आणि काही न बोलता थांबा. आधी गार लागतं, मग कडा पारदर्शक होतात, मग बोटांच्या फटीतून ओघळ येतो. कशानं वितळलं, असं विचारलं की कुणीतरी म्हणेल, माझ्या हातानं. आपल्या अंगात ऊब आहे हे मूल अशा वेळी पुस्तकाशिवाय शिकतं. तेच तेल उललेल्या गालांना, कोरड्या कोपरांना एकमेकांनी लावायचं. उरलेल्या तेलाचं बोट रंगीत कागदावर टेकवायचं आणि कागद खिडकीशी धरायचा. तेलाच्या ठिपक्यांतून उजेड येतो.

सावलीचा खेळ तर फुकटचा आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास आपल्या गावात भर दुपारीही सूर्य क्षितिज आणि माथा यांच्या जेमतेम मध्यावर असतो. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास मुलाला अंगणात उभं करून खडूनं त्याची सावली काढा. मीटरभर उंचीच्या मुलाची सावली सुमारे ९४ सेंटीमीटर भरते, जवळजवळ त्याच्याएवढीच. संक्रांतीला त्याच जागी त्याच वेळी पुन्हा काढली तर ती सहा-सात सेंटीमीटरनं आखडलेली दिसेल, आणि रथसप्तमीपर्यंत फरक नुसत्या डोळ्यांनीही कळेल. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तर ती पायांखालीच जाते. मोठ्या मुलांना हे आकडे सांगायचे नसतात, छोट्यांना तर नाहीच. त्यांनी आपल्या सावलीत माती, पानं, ज्वारीची धाटं भरावीत, तिला डोळे-नाक द्यावं. दिवस मोठा होत चालला आहे हे त्यांच्या पायांशी लिहिलेलं राहील. फरशी धुतली जाणार असेल तर जुन्या वर्तमानपत्रांवर सावल्या काढून कापून ठेवा आणि एकाखाली एक लावा.

ऊब कशाची, हेही हाताला कळू द्या. एका पिशवीत घोंगडीचा तुकडा, स्वेटरची बाही, मलमल, साडीचा जरीकाठ आणि गोधडीचा एक कोपरा ठेवा. मुलानं न बघता हात घालायचा आणि खरखरीत कुठलं, मऊ कुठलं ते सांगायचं. डोळे बांधू नका, काही मुलं घाबरतात. मग एक अख्खी गोधडी वर्गात पसरा. तिच्यात आजीचं लुगडं असतं, बाळाचं झबलं असतं, आता बाबांच्या कंपनीच्या जुन्या युनिफॉर्मचाही तुकडा असतो. तिच्यावरचा धावदोरा बोटानं चालत जाऊन पाहण्यासारखा असतो. प्रत्येक मुलाला कागदाचा एक चौकोन द्या. त्यावर कापडाचे तुकडे चिकटवून कडेनं खडूचे टाके मारायचे आणि सगळे चौकोन जोडून वर्गाची एक गोधडी भिंतीवर लावायची. निळ्या कागदाची जागा तिला द्या.

मातीच्या कामाला तर आपला जिल्हा जगात नावाजलेला आहे. इथून शंभरेक किलोमीटरवर अजिंठ्याच्या कारागिरांनी काळ्या कातळावर माती, भुसा आणि वनस्पतींचे धागे यांचा गिलावा चढवला. त्यावर गेरूचा तांबडा, पिवळी माती, हिरवी माती, काजळीचा काळा असे रंग भरले. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दगड तेवढा लांबून आणावा लागला. संक्रांतीच्या आधी कुंभार सुगडं विकायला बसतात, त्यांच्याकडून चाळलेली माती आणा. तिच्यात भुसा आणि पाणी घालून मुलांना मळू द्या, पुठ्ठ्यावर थापू द्या. वाळली की गेरू, हळद आणि काजळी यांनी रंगवू द्या. चुना मात्र मुलांच्या हाती कधीच देऊ नका, तो डोळ्यांत गेला तर मोठी इजा करतो. पांढऱ्यासाठी खडूची पूड किंवा तांदळाचं पीठ पुरे. हळदीचं पाणी केलंच आहे तर त्यात साबणाचा फेस टाकून दाखवा. पिवळा रंग डोळ्यांदेखत लाल होतो.

हिवाळ्याचा वास आणि आवाजही आहे. मंदाग्नीवर तीळ भाजले की तडतडतात. गूळ वितळायला लागला की गल्लीला कळतं. पेरू, ओवा, मेथी, ओला हरभरा आणि भाजलेले तीळ वेगवेगळ्या सुगडांत घालून वर फडकं बांधा आणि मुलांना वासावरून ओळखू द्या. शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा खुळखुळ्यासारख्या वाजतात, हातात दिल्या की मुलं स्वतःच ताल धरतात. देशी बदामाची पानं या दिवसांत लाल होऊन गळतात, रंगांच्या छटा लावायला याहून चांगला रंगपट कुठे मिळणार? आणि हुरडा आहेच. ज्वारीचं कोवळं कणीस नुसतं हातात घेऊन बघण्यासारखं असतं. ते आगटीत भाजण्याचं काम मोठ्यांनी लांब करावं, कोमट झालेली कणसं आणावीत आणि मुलांनी तळहातावर चोळून, फुंकर मारून, दाणे खावेत. दाणे निघालेलं रिकामं कणीस रंगात बुडवलं की उत्तम ब्रश होतो. पेंग्विनचा हट्टच असेल तर त्याच्या शेजारी रोहित पक्षी काढा. तो आपल्या पैठणच्या नाथसागरावर थंडीत येतो आणि सुट्टीच्या दिवशी आई-बाबांबरोबर जाऊन खरोखर पाहता येतो.

बोरन्हाण शाळेतही करता येईल, सगळ्या मुलांचं एकत्र. ते घरच्यासारखं होऊ नये एवढं पाहा. बोरं आणि उसाचे करवे डोक्यावर न टाकता चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या उधळा. आणि आयांना बोलवाल तेव्हा प्रत्येक आईला, प्रत्येक आजीला बोलवा. विधवा म्हणून कुणी दाराबाहेर राहायला नको. बालवाडीच्या उंबऱ्यावर मुलाची आई एवढीच ओळख पुरेशी असावी. आपल्या वस्तीत बिहार, उत्तर प्रदेशची घरं आहेत. त्यांच्याकडे याच दिवसांत तिळकूट असतं, खिचडी असते. ख्रिस्ती घरांत नाताळचा तारा लागतो. तो तारा त्या घराचा खरा आहे, म्हणून तोही वर्गात यावा, त्या मुलाच्या आईच्या हातून.

सुरक्षिततेबद्दल मी अगदी काटेकोर आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बिया असलेली बोरं खायला देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. दाण्यांशी खेळताना मुलं ते नाकाकानात घालतात, म्हणून लहान गट करा आणि खेळून झालं की दाणे मोजून उचला. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या टोकदार असतात, त्या आधी काढा. कापसावर फवारण्या झालेल्या असतात, तेव्हा बोंडं चांगली उन्हात ठेवा आणि नंतर सगळ्यांचे हात साबणानं धुवा. पानं गोळा करायला एमआयडीसीच्या मोकळ्या प्लॉटवर नेलंत तर गाजर गवतापासून लांब राहा, त्यानं अंगाला खाज सुटते आणि दमा उठतो. नाल्याकाठची माती आणू नका. कंपनीतून पुठ्ठ्याचे खोके जरूर मागवा, पण तेलकट चिंध्या आणि लोखंडाचा कीस वर्गात येता कामा नये. बर्फ म्हणून थर्माकोलचे मणी तर नकोतच. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि तो नाकात गेला तर काढणं अवघड. पतंग करा तो बिनदोऱ्याचा, कागदाची शेपटी लावून हातात धरून पळण्याचा. नायलॉन मांजानं काय होतं ते आपल्या शहरानं पाहिलं आहे.

एक गोष्ट तुमच्या मनावर ठसवायची आहे. भिंतीवर तीस मुलांचे तीस सारखे स्नोमॅन लागतात तेव्हा त्यांवर शेवटचा हात ताईंचा फिरलेला असतो, हे आपल्याला माहीत असतं. फोटो छान येतो. मुलाचं काम मात्र त्यात उरत नाही. मातीचा गोळा वेडावाकडा राहू द्या. एखादं मूल अर्धा तास नुसतं तेल चोळत बसलं आणि कागदाला हात लावला नाही, तरी त्याचा अर्धा तास वाया गेलेला नाही. पालकांना फोटो पाठवायचाच असेल तर वस्तूचा पाठवू नका, हातांचा पाठवा, आणि खाली एक ओळ लिहा, आज यानं काय करून पाहिलं.

पालकांनो, हे पत्र तुमच्याही नजरेला पडेल. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या बाबांना मूल शाळेत सोडताना दहा मिनिटं काढता आली, तर गावाकडची एखादी वस्तू हातात घेऊन या आणि ती कशी पिकते ते स्वतः सांगा. आपल्या बापाला शेतातलं इतकं कळतं याचा मुलाला फार अभिमान वाटतो. आणि फी भरतो म्हणून वर्कशीट मागू नका. हाताला माती लागलेली असली तर त्या दिवशी शिकणं झालेलं आहे.

पर्यवेक्षिका, बालविकास प्रकल्प अधिकारी, वडगाव कोल्हाटी, रांजणगाव, पंढरपूर इथल्या ग्रामपंचायती आणि वाळूजमधल्या कंपन्या यांच्याकडेही एक मागणी आहे. कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा निधी अंगणवाडीत येतो तेव्हा भिंती रंगतात, प्लास्टिकची घसरगुंडी येते, कधी टीव्हीचा पडदा येतो. त्याबद्दल आभार. पण यापुढे प्रत्येक अंगणवाडीला चाळलेल्या मातीचा एक वाफा, त्यावर सावली, मुलांच्या उंचीचा एक नळ आणि सामान ठेवायला एक उंच फडताळ द्या. अंगणवाडी भाड्याच्या खोलीत भरत असेल तर मातीसाठी एक रुंद परात आणि अंथरायला ताडपत्री तरी द्या. आणि तपासणीला याल तेव्हा मळलेले हात पाहून ताईंना बोल लावू नका.

तायांनो, यंदा 'विंटर'चा आठवडा आखाल तेव्हा एक आठवडा पुरणार नाही. मार्गशीर्षापासून रथसप्तमीपर्यंतचा काळ घ्या, आठवड्याला एकच वस्तू घ्या आणि तिच्यापाशी मुलांना रेंगाळू द्या. मदतीला माणसं हवीत तर वस्तीत आमच्यासारख्या आज्या पुष्कळ आहेत. वाती वळता येतात, गोधडीला टाका घालता येतो, दुपारी वेळही असतो. निरोप पाठवा, आम्ही येऊ. कापसाची बोंडं मी आणीन.

आपली,
बजाजनगरमधील एक निवृत्त बालवाडी शिक्षिका